गोळीच्या जोडीला गजर: तालुक्यात कला आणि आरोग्याची भागीदारी कशी उभी करावी

गोव्यातल्या बहुतेक गावांत दोन वह्या असतात. एक आरोग्य केंद्रात: रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या कोण कधी नेतो त्याची. दुसरी भजनी मंडळाच्या सेक्रेटरीकडे: वर्गणी कोणाची आली, कोणाची राहिली, साथीला कोण बसतो. नावं बरीचशी तीच. पण या दोन वह्या कधी एका टेबलावर येत नाहीत. पहिल्या वहीत दर महिन्याला दिसणारी बाई दुसऱ्या वहीतून तीन वर्षांपूर्वी गळाली, नवरा गेल्यावर. डॉक्टरला तिचं बीपी ठाऊक, बुवांना तिचा आवाज ठाऊक. झोप का येत नाही, हे दोघांनाही ठाऊक नाही.

या लेखात सांगायचं ते एवढंच: या दोन वह्या शेजारी शेजारी कशा ठेवायच्या. मी डॉक्टर नाही, अंत्रुज महालातल्या (म्हणजे फोंडा भागातल्या) एका नाट्यमंडळाचा जुना कार्यकर्ता आहे. त्यामुळे चुका करत शिकलो, आणि त्या चुकाही इथे येतील.

हे नवीन खूळ नव्हे

वास्कोच्या सप्ताहाची कथा गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथ आली, लोक हवालदिल झाले, जांबावलीच्या दामोदराला शरण गेले आणि तिथून अखंड भजनाची प्रथा सुरू झाली, असं सांगतात. साथ भजनाने गेली की नाही, हा वाद मी घालणार नाही. पण भीतीने घरात कोंडलेल्या गावाला चोवीस तास पाळीपाळीने एकत्र बसवणारी व्यवस्था कोणीतरी उभी केली, आणि ती अजून श्रावणात चालते. ‘पार’ (भजनाच्या पाळ्या) लावून माणसं वाटून घेणं हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

पुराव्याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून जास्त अभ्यासांचा आढावा घेतला, आणि आजार टाळण्यापासून आजारपण सोसण्यापर्यंत कलेचा उपयोग होतो असा निष्कर्ष काढला. इंग्लंडमधला २०१८ सालचा एक अभ्यास मला जवळचा वाटतो. बाळंतपणानंतर उदास झालेल्या १३४ माता, दहा आठवड्यांचा प्रयोग. ज्यांची उदासी मध्यम ते तीव्र होती, त्यांच्यातल्या गटाने गाणाऱ्या माता लवकर सावरल्या. आपल्याकडे पाळणे आणि ओव्या म्हणणाऱ्या आज्या अंगणवाडीपासून दोन घरं सोडून राहतात.

पण गाण्याने साखर उतरते, नाचाने गुडघा बरा होतो, असं कोणी व्यासपीठावरून म्हणू लागला तर त्याला खाली बसवा. गोळी चालूच राहते. कला तिच्या जोडीला आहे.

पायरी पहिली: कोणासाठी, ते आधी

‘सर्वांसाठी’ असं पत्रकावर छापलं की कोणीच येत नाही. एक गट निवडा. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या साठीपुढच्या माणसांचं प्रमाण ११.२ टक्के होतं, देशाचं ८.६. मुलं पुण्याला, आखातात किंवा जहाजावर आणि घरात दोन म्हातारी माणसं हे चित्र वाड्यावाड्यावर आहे. म्हणून सुरुवात एकट्या ज्येष्ठांपासून करणं सोपं. पण तुमच्या भागात दारूचा प्रश्न मोठा असेल, खाणी बंद पडल्यावर घरी बसलेले पुरुष असतील, नाहीतर नुकत्याच बाळंत झालेल्या मुली असतील, तर तो गट धरा. वीस ते पंचवीस माणसं, एकमेकांजवळची तीन-चार गावं, बारा आठवडे. पहिल्या वर्षी याहून मोठी उडी नको.

पायरी दुसरी: चार खुर्च्या

भागीदारी म्हटलं की लोकांना बोधचिन्ह आणि कार्यकारिणी सुचते. खरं काम चार खुर्च्या भरण्याचं आहे.

पहिली आरोग्याची. प्राथमिक किंवा सामाजिक आरोग्य केंद्राचे हेल्थ ऑफिसर यांना भेटा, ओपीडी संपल्यावर, दुपारी. मागणी लहान ठेवा: महिन्यातून एकदा अर्धा तास, आणि सब-सेंटरच्या नर्सबाईंना आमच्या गटाची माहिती असावी. एवढ्याला सहसा नाही म्हणत नाहीत. लेखी परवानगी वरून आणावी लागली तर अर्ज त्यांच्याच हातून जाऊ द्या.

दुसरी कलेची: भजनी मंडळ, नाट्यमंडळ, फुगडी पथक, चर्चचा क्वायर. पणजीतल्या आल्तिनोच्या संगीत आणि कला महाविद्यालयांतून शिकलेली मुलं गावोगाव आहेत, त्यांना विचारा. फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे, मडगाव, कुडचडे, साखळी, बायणा इथे रवींद्र भवनं आहेत. तिथे चौकशी केली की तुमच्या भागातले शिकवणारे कोण ते कळतं.

तिसरी खुर्ची जागेची, म्हणजे पंचायत, शाळा, वाचनालय, देवस्थान. चौथी वाहनाची. हसू नका. आतल्या गावांत संध्याकाळी सातनंतर बस मिळणं नशिबाचा भाग. म्हातारी बाई यायला तयार असते, परत कशी जाणार या विचाराने येत नाही. ज्याच्याकडे व्हॅन किंवा रिक्षा आहे असा गावचा माणूस बैठकीत पहिल्या दिवसापासून बसवा. आमच्या गटात सगळ्यात कामाची सूचना त्यानेच केली: “येताना पाच फेऱ्या, जाताना दोनच. जाताना माणसं शेजाऱ्याबरोबर चालत जातात.”

चौघांत एक पानी सहकार्य-पत्र करा. कोण काय करणार, पैसे कोणाच्या खात्यात येणार, भांडण झालं तर कोणाचं ऐकायचं. नवीन संस्था नोंदवायच्या भानगडीत इतक्यात पडू नका. ज्या मंडळाचा हिशेब दरवर्षी तपासला जातो, त्याच्याच खात्यातून वर्षभर चालवा.

उद्घाटन करू नका. आम्ही केलं होतं. समई, पाहुणे, शाल, ऐंशी माणसं. पुढच्या शुक्रवारी सहा. पाहुण्यांसाठी आलेली माणसं पाहुण्यांबरोबर गेली होती.

पायरी तिसरी: सोबती

सगळ्या मांडणीत सगळ्यात जास्त वेळ इथे घाला.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१९ च्या आराखड्यात डॉक्टर आणि समाज यांच्यामधला एक पगारी माणूस ठरवला, ‘लिंक वर्कर’. डॉक्टर त्याच्याकडे पाठवतो. तो माणसाशी बोलून त्याला बागेत, गाण्याच्या गटात, चित्रांच्या वर्गात नेऊन बसवतो. आपल्याला हे दुरून आणायची गरज नाही. गोव्यातल्याच ‘संगथ’ संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करून घेतलं. त्याचे निष्कर्ष २०१० आणि पुन्हा २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०१७ च्या कामाची पद्धत साधी होती, सहा ते आठ बैठका. मूळ कल्पना अशी: आधी बरं वाटेल, मग माणूस कामाला लागेल, अशी वाट बघायची नाही, आधी आवडीचं छोटं काम हाती द्यायचं, बरं वाटणं त्याच्या मागून येतं. कला-आरोग्य गटाचा पाया याहून वेगळा नाही.

तर सोबती म्हणजे कोण? वाड्यातलाच, शक्यतो पन्नाशीचा, बोलका पण चौकस नसलेला माणूस. प्रत्येक गावाला दोन, एक बाई आणि एक पुरुष. अंगणवाडी सेविकेवर हे काम टाकू नका, तिच्याकडे आधीच वह्यांचा ढीग आहे. सोबत्याला तीन गोष्टी शिकवायच्या.

पहिली भेट घरी. आजाराचा विषय काढायचा नाही. “डॉक्टरांनी पाठवलंय” हे वाक्य तर मुळीच नको. विचारायचं असं: “माई, तुम्ही पूर्वी गायच्या ना? आम्हाला एक ओळ आठवत नाहीये.” माणूस रुग्ण म्हणून घराबाहेर पडत नाही, जाणकार म्हणून पडतो.

दुसरी गोष्ट, पहिल्या तीन वेळा हात धरून आणायचं. चिठ्ठी दिली, वेळ सांगितली, म्हणून कोणी येत नाही.

तिसरी, काय ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही. गाव लहान असतं.

डॉक्टरांकडून येणारी नावंही संमतीनेच यावीत. नर्सबाईंनी विचारायचं, होकार आला तरच सोबत्याला फोन. आजाराचं नाव सोबत्याला कळायची गरज नाही. त्याला फक्त तोल जातो का, दम लागतो का, ऐकू येतं का, एवढं कळलं की पुरे.

पायरी चौथी: कोणती कला

इथे बाहेरच्यांचं डोकं रंगांकडे आणि मातीकडे धावतं. वाईट नाही, पण सत्तरीच्या बाईच्या हातात एकदम ब्रश दिला की तिला शाळेतली छडी आठवते. जे अंगात आहे तिथून सुरू करा.

भजन सगळ्यात सोपं. अडचण एकच, बुवांची पट्टी. स्पर्धेची सवय असलेले बुवा आपल्या सोयीच्या पट्टीत पेटी धरतात, आणि म्हाताऱ्या बायका दुसऱ्या चरणाला ओठ हलवायचं नाटक करू लागतात. त्यांना वाटतं आपला आवाज गेला. आवाज गेलेला नसतो, खाली आलेला असतो. दोन-तीन पट्ट्या उतरवा. चरण मध्ये तोडा, श्वास घ्यायला जागा द्या. दमेकऱ्यांसाठी गजर लांबवायची घाई नको. पंप खिशात आहे ना ते आधी विचारा. आणि बुवांना स्पष्ट सांगा की इथे परीक्षक नाहीत. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत बक्षीस घेतलेल्या माणसाला हे पचायला दोन आठवडे लागतात.

धालो (बायकांचा गाण्यासह नाच) आणि फुगडी यांत पावलं आहेत: दोन ओळी समोरासमोर, वाकत पुढे, वाकत मागे. तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला तर कोणी करणार नाही, धालोची चाल म्हटली की गुडघेदुखीवाल्याही उभ्या राहतात. मात्र धालो पौषात, मांडावर (गाव पवित्र मानतं त्या अंगणात), रात्रीचे. मांड म्हणजे रंगमंच नव्हे. काही जुन्या बायकांना ती गाणी अवेळी आणि मांडाबाहेर म्हणणं पटत नाही, आणि त्यांचं ऐकलंच पाहिजे. आमच्याकडे एका आजींनी तोडगा काढला: पावलं धालोची, गाणं फुगडीचं. आणखी एक. कुठे विधवा बायकांना मागे ठेवण्याची खोड अजून असेल, तर आपल्या गटात ती चालणार नाही, हे पहिल्या बैठकीत ठरवा, मग नव्हे.

घुमट, म्हणजे मडक्याला कातडं लावलेलं वाद्य, हा गोव्यातला मोठा दुवा. आरतीला घुमट, ख्रिश्चनांच्या मांडो गाण्यालाही घुमट. २०१९ साली त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. एक हात मडक्याच्या तोंडावर दाबत-सोडत, दुसरा चामड्यावर, त्यामुळे दोन्ही हातांना वेगळं काम मिळतं. अर्धांगवायूनंतर एक हात रुसलेल्या माणसाला ते मांडीवर घेऊन बसू द्या, जमेल तेवढं वाजवू द्या. घोरपडीच्या कातड्याचं जुनं घुमट कोणी कौतुकाने काढलं तर नम्रपणे परत पाठवा. वन्यजीव कायद्याचा प्रश्न आहे, आता बकऱ्याचं कातडं लावतात. बंद खोलीत दहा घुमटं एकदम वाजली की कानयंत्र लावलेली माणसं उठून जातात. दोन पुरे.

नाटकवाला म्हणून एक माझं लाडकं: जत्रेच्या नाटकांचं वाचन. विसरभोळेपणा सुरू झालेल्या, सकाळी काय खाल्लं ते न आठवणाऱ्या जुन्या नटाला चाळीस वर्षांपूर्वीचं स्वगत सुरुवातीचे चार शब्द सांगितले की पुढचं पान आपोआप येतं. त्याच्या मुलीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दारात उभी राहिली ती उभीच राहिली. स्मृतिभ्रंश याने थांबत नाही, ते घरच्यांना सांगा. पण ती दहा मिनिटं तिचे बाबा तिला सापडले होते.

पायरी पाचवी: जागा आणि वेळ

देवळाचा सभामंडप सोयीचा, पण सगळ्यांना मोकळं वाटतं का, हे स्वतःला विचारा. ख्रिश्चन शेजारी, दुसऱ्या समाजातली माणसं, ‘अडचण’ असलेली सून. शाळेचा वर्ग किंवा पंचायतीची खोली बरी. संडास जवळ हवा, पायरी एकापेक्षा जास्त नको. गुळगुळीत लादीवर प्लास्टिकच्या खुर्च्या सरकतात. भिंतीला टेकवा किंवा पायांना रबरी बूच लावा.

दिनदर्शिका बघितल्याशिवाय बारा आठवडे आखू नका. श्रावण-भाद्रपदात बुवा मिळणार नाहीत, चवथीच्या आधी पंधरा दिवस बायका माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) आणि करंज्यांत असतात, पुढे जत्रा, मग शिगमो (होळीचा उत्सव). जूनमध्ये वीज जाते आणि वाट चिखलाची. आमचा अनुभव असा की जानेवारीच्या मध्यावर सुरू करून एप्रिलच्या सुरुवातीला पहिली फेरी संपवावी. शिगम्याच्या आठवड्यात गटच शिगमा बघायला न्यावा.

वार आणि वेळ एकदा ठरली की हलवायची नाही. पाहुणे आले म्हणून नाही, निवडणूक आली म्हणून नाही.

एक शुक्रवार, जवळून

चार वाजता सोबती खुर्च्या मांडतात, अर्धगोलात. वर्गासारख्या रांगा नकोत. साडेचारला पेटी हळू वाजत असते. येणारा कोणी शांततेत प्रवेश करत नाही, त्यामुळे उशीर झालेल्यालाही लाज वाटत नाही. पहिली दहा मिनिटं नुसतं गुणगुणणं, तोंड मिटून. मग एक माहितीचा अभंग. नवीन काही शिकायचं ते मधल्या वीस मिनिटांत, तेव्हा डोकं ताजं असतं. त्यानंतर पावलं, खुर्चीची पाठ धरून, ज्यांना जमेल त्यांनी सोडून. पाच वीसला चहा. दोन किटल्या, साखरेची आणि बिनसाखरेची, आणि बिनसाखरेच्या किटलीला लाल दोरा. खरी औषधं चहाच्या वेळी वाटली जातात, असं माझं मत झालंय: कोणाच्या सुनेने बोलणं टाकलं, कोणाची गोळी संपली, कोणाच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. सोबती तिथे कान देऊन असतो. पावणेसहाला शेवटचा गजर, सहाची बस.

सुरक्षेचं, आखडतं न घेता

पहिल्या दिवशी नर्सबाईंनी सगळ्यांचं बीपी बघावं. छातीत कळ, एकदम बोलणं अडखळणं, चेहरा एका बाजूला ओढला जाणं: गाणं थांबवा, १०८ लावा, घरगुती उपाय नको. कोणी जगण्यात राम नाही असं बोलून गेला तर हसण्यावारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा मोफत नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. बांबोळीची मनोरुग्णसेवा संस्था काहींना नाव ऐकूनच नको वाटते. सोबत जायला माणूस असेल तर जातात.

फोटो. आमच्या एका उत्साही कार्यकर्त्याने गटाचा फोटो गावच्या व्हॉट्सॲपवर टाकला, खाली ‘मानसिक आरोग्य शिबिर’. पुढच्या शुक्रवारी दोघी आल्या नाहीत, आणि पुढे कधीच आल्या नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही उपचार घेणाऱ्याची माहिती आणि छायाचित्रं संमतीशिवाय प्रसारित करायला मनाई करतो, पण कायद्याच्या आधी साधी रीत आहे. गटाचं नाव गाण्याचं ठेवा, आजाराचं नको. आमचं आता ‘शुक्रवारची बैठक’ आहे.

पैसा

माझ्या गावच्या दराने एका बैठकीचा हिशेब: मुख्य कलाकाराचं मानधन १,००० रुपये, साथीदाराचं ५००, चहा-खाणं ५००, वाहन ६००. झाले २,६००, बारा बैठकांचे ३१,२००. चटया, बुचं, वही, किटल्या यांना आणखी तीन हजार. पस्तीस हजारांत एक फेरी निघते. कलाकाराला मानधन द्याच. ‘समाजसेवा आहे’ म्हणून फुकट बोलावलेला बुवा चौथ्या आठवड्याला लग्नाची सुपारी घेतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

पहिली फेरी वर्गणी आणि एखाद्या दात्यावर काढा. वह्या भरलेल्या असल्या की कला व संस्कृती संचालनालयाच्या संस्थांसाठीच्या साहाय्य योजना, पंचायत, कंपन्यांचा सामाजिक निधी यांच्याकडे जायला तोंड राहतं. त्या वर्षीच्या अटी वाचून मगच अर्ज करा.

मोजणं

टाळ्या मोजू नका. तीन गोष्टी पुरतात. हजेरी. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची यादी: गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत होतं का, उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजं वाटलं का, दिवसात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरीज गुणिले चार, म्हणजे शंभरातले किती ते कळतं. पन्नासच्या खाली असेल त्याचं नाव, त्याला विचारून, डॉक्टरांना. आणि चालण्याची चाचणी: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरून चालायचं. पहिल्या आणि बाराव्या आठवड्यात दोन्ही करा, शक्यतो त्याच सोबत्याकडून. आकडा हलला नाही तर अहवालात तसंच लिहा. आमच्या पहिल्या फेरीत चालण्याचा वेळ जवळजवळ तेवढाच राहिला. डॉक्टरांनी विचारलं, आम्ही कबूल केलं की पावलं दर वेळी चहाच्या घाईत गुंडाळली गेली. दुसऱ्या फेरीत चहा दहा मिनिटं पुढे ढकलला.

बाराव्या शुक्रवारनंतर

कार्यक्रम सादर करायचा का, हे गटाला विचारा. काहींना देवळात एक पार हवा असतो, काहींना लोकांसमोर बसणं नको वाटतं. दोन्ही बरोबर. पुढची फेरी सुरू होईपर्यंत महिन्यातून एक बैठक चालू ठेवा, पेटी नसली तरी चहा असू दे. महिन्याच्या त्या अर्ध्या तासात हेल्थ ऑफिसर, बुवा, जागेवाला आणि वाहनवाला यांनी हजेरीची वही एकत्र उघडून बघायची. जे येतात त्यांच्याकडे नव्हे, गळलेल्यांकडे. सलग दोन शुक्रवार नाव कोरं असेल तर सोबत्याने घरी जायचं. एकच शुक्रवार चुकला असेल तर नुसता फोन, त्याच संध्याकाळी, सातच्या आत. सातनंतर मालिका सुरू होते आणि माई फोन उचलत नाहीत.